भंगारात कोण निघणार?

‘भंगार’ हा शब्द आजवर हातगाडी ढकलत गल्लीबोळांतून हाक देणाऱ्या माणसाच्या तोंडी होता. २०२१ सालापासून तो केंद्र सरकारच्या धोरणात मानाने विराजमान झाला आहे. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात पंतप्रधानांनी वाहने मोडीत काढण्याच्या राष्ट्रीय धोरणाचा प्रारंभ केला. हा प्रारंभ ट्रकचालकांच्या अगर टेंपोमालकांच्या मेळाव्यात झाला नाही. तो गुजरातेतील गुंतवणूकदारांच्या परिषदेत झाला. धोरणाच्या अधिकृत नावात ‘ऐच्छिक’ असा शब्द आहे. कोणाची इच्छा, याचा खुलासा श्रोतृवर्गाच्या निवडीनेच झाला होता.

या धोरणावर डाव्या आणि समाजवादी वर्तुळांत फारशी चर्चा झाली नाही. जी झाली ती बहुधा पर्यावरणाच्या अंगाने, आणि तीही सरकारने आखून दिलेल्या चौकटीत. जुनी गाडी म्हणजे धूर, धूर म्हणजे रोग, म्हणून जुनी गाडी गेली पाहिजे, ही तीन पायऱ्यांची शिडी पुरोगामी मंडळींनीही विनातक्रार चढून टाकली. मधली पायरी तपासून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. जुने इंजिन उघडून, झिजलेले भाग बदलून, मापात आणून पुन्हा बांधले, तर ते काय होते? हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच राज्यशास्त्राचाही आहे. आणि त्याचे उत्तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकामागे ओळीने उभ्या असलेल्या गॅरेजांत, दररोज दिले जात आहे.

प्रथम यंत्राचीच गोष्ट सांगितली पाहिजे, कारण धोरणकर्त्यांचे आणि त्यांच्या टीकाकारांचेही अज्ञान येथूनच सुरू होते. पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या पिकअपचे अडीच लिटरचे, चार सिलिंडरांचे, साध्या यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन घ्यावे. भाजीपाला, दुधाचे कॅन, विटा, कांदा, लग्नाचे मंडप आणि मांडवातली माणसेसुद्धा वाहून ते थकते. ते ‘ऑइल खाऊ’ लागते, चढावर दम टाकते, ब्रीदरच्या नळीतून वाफेसारखा धूर येतो, सकाळी सेल्फ मारताना बॅटरी उतरेपर्यंत ते जागे होत नाही. मालक म्हणतो, गाडी संपली. मिस्त्री हेड उतरवतो, सिलिंडरात डायल गेज घालतो आणि सांगतो की गाडी संपलेली नाही; वरची रिंग जेथून परत फिरते तेवढ्याच पट्ट्यात सिलिंडर झिजले आहे. त्या जड बिडाच्या ब्लॉकमध्ये प्रत्यक्षात गेलेली धातू चिमूटभर असते. लायनर बदलला, नवा पिस्टन-रिंगांचा संच घातला, की सिलिंडर मूळ मापावर येते.

क्रँकशाफ्टची कथा याहून बोलकी आहे. तिचे जर्नल झिजले वा ओरखडले, की ती ग्राइंडिंगला जाते. तेथे दहा हजारांश इंच धातू काढतात आणि तेवढेच जाड बेअरिंग बसवतात. पुढच्या वेळी वीस, त्यापुढे तीस. गॅरेजात ‘टेन’, ‘ट्वेंटी’, ‘थर्टी’ या नावांनी ही मापे शाळा न पाहिलेल्या पोराच्याही तोंडी असतात. ही मापे मिस्त्रीने शोधून काढलेली नाहीत. ज्या अभियंत्याने ते इंजिन आखले त्यानेच क्रँकमध्ये तेवढी धातू शिलकीत ठेवली आणि ज्या कंपनीने ते विकले तिच्याच पुस्तिकेत ही मापे छापलेली असत. याचा अर्थ असा की, इंजिनाच्या जन्मपत्रिकेतच त्याचे तीन-चार पुनर्जन्म लिहिलेले होते. ते एकदाच वापरून टाकून देण्याची वस्तू म्हणून घडवलेलेच नव्हते. आज सरकार ज्याला आयुष्याचा अंत म्हणते, तो घडवणाऱ्याच्या मते पहिला मुक्काम होता.

मार्क्सने यंत्राच्या झिजेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक भौतिक झीज, म्हणजे वापराने किंवा पडून राहण्याने होणारी. दुसरीला त्याने ‘नैतिक’ झीज म्हटले: अधिक स्वस्त वा अधिक चांगले यंत्र बाजारात आले की जुन्या यंत्राचे मूल्य, त्याचा एक दातही न झिजता, घसरते. भारतीय राज्यसंस्थेने या दोहोंत तिसऱ्या प्रकाराची भर घातली आहे. तिला शासकीय झीज म्हणता येईल. यात यंत्र झिजलेले नसते, त्याहून स्वस्त यंत्रही बाजारात आलेले नसते. केवळ शुल्काचा तक्ता बदलल्याने त्याची किंमत उतरते. पंधरा वर्षांवरील ट्रक वा बसच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून दीड हजारांवरून साडेबारा हजारांवर नेण्यात आले. हलक्या मालवाहनांचेही शुल्क बरेच वाढले. प्रमाणपत्राला उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये दंड. २०२५ च्या अखेरीस जुन्या वाहनांवरील शुल्काचा भार आणखी वाढवण्यात आला.

धोरणाचे समर्थक यावर तत्परतेने सांगतात की, दिल्ली परिसर आणि सरकारी वाहने सोडली तर देशात वयावरून गाडी मोडीत काढली जात नाही. चाचणीत नापास झाली तरच काढली जाते. कागदावर हे खरे आहे, आणि कार्यकर्त्यांनी सभेत बोलताना ते नाकारू नये. खोटे बोलून चांगली बाजू लढवता येत नाही. परंतु चाचणी जर इंजिनाच्या प्रकृतीची आहे, तर तिचे शुल्क इंजिनाच्या वयावर का? साठीच्या माणसाच्या रक्ततपासणीला तिशीच्या माणसाच्या आठपट पैसे लागत नाहीत. शुल्काचा हा चढता जिना तपासणीच्या खर्चाशी संबंधित नाही. मालकाला थकवून, कंटाळवून, एक दिवस ‘ऐच्छिक’रीत्या भंगार केंद्राच्या दाराशी आणून सोडण्यासाठी तो बांधला आहे.

त्या दाराशी त्याला काय मिळते? नियमानुसार नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य. नऊ लाखांची गाडी धरली तर छत्तीस ते चोपन्न हजार रुपये. शिवाय एक प्रमाणपत्र, जे दाखवल्यास नव्या मालवाहनाच्या रस्ता करात पंधरा टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. खासगी मोटारीला हीच सूट पंचवीस टक्क्यांपर्यंत आहे. ज्याच्या पोटाचा प्रश्न गाडीवर अवलंबून त्याला पंधरा, आणि ज्याच्या सहलीचा, त्याला पंचवीस! या आकड्यांवर वेगळे भाष्य नको. कंपन्यांनी पाच टक्के सवलत द्यावी असे सरकारने ‘सुचवले’ आहे. सरकार गरिबाला फर्मावते आणि भांडवलदाराला सुचवते, ही भाषा आपल्याकडे जुनीच आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. सांगलीच्या बाजूचा एखादा पिकअपमालक, जो स्वतःच चालक आहे आणि स्वतःच हमालही, नवी गाडी घ्यायची म्हणून आठ लाखांचे कर्ज काढतो. अकरा टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,४०० रुपये पडतो आणि पाच वर्षांत केवळ व्याजापोटी सुमारे २,४४,००० रुपये जातात. आता दुसरी वाट. समजा, तोच मालक जुन्या गाडीचे ‘फुल इंजिन काम’ काढतो: लायनर-पिस्टन, बेअरिंग, क्रँक, हेडमधील व्हॉल्व्ह व गाइड, पंप आणि नोझलचे कॅलिब्रेशन, ऑइल पंप, पाण्याचा पंप, रेडिएटर, त्यात क्लच, ब्रेक आणि पत्र्याचे किरकोळ काम धरून एक लाख. पतसंस्थेचे चौदा टक्क्यांचे कर्ज दोन वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता सुमारे ४,८०० रुपये, एकूण व्याज पंधरा हजारांच्या आसपास. दोन हप्त्यांतील फरक महिन्याला १२,६०० रुपयांचा. महिन्यात पंचवीस फेऱ्या मिळाल्या तर दर फेरीमागे पाचशे रुपये. नव्या गाडीला डिझेल थोडे कमी लागेल, पहिली काही वर्षे दुरुस्ती कमी लागेल, हे सर्व वजा केले तरी बाजार समितीच्या आवारात पहाटे तीन वाजता भाड्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला विचारावे की हे पाचशे रुपये तो आणणार कोठून. भाडे वाढवून तो आणू शकत नाही, कारण शेजारी त्याच्यासारखेच दहा उभे आहेत. तो ते आणतो झोपेतून, गाडीत जादा माल भरून, आणि मुलाच्या फीमधून. शेवटी हप्ता थकतो आणि वित्तकंपनीची माणसे गाडी ओढून नेतात.

आणि या दोन खर्चांतील पैसा कोठे जातो? नव्या गाडीच्या आठ लाखांपैकी गावात काय उरते, तर विक्रेत्याचे कमिशन आणि पेढ्यांचा पुडा. इंजिनकामाच्या एक लाखातला मोठा हिस्सा मात्र हेड फेसिंग करणाऱ्याकडे, क्रँक ग्राइंडरकडे, पंपवाल्याकडे, लेथवर बसलेल्या टर्नरकडे, रेडिएटरवाल्याकडे आणि मिस्त्रीकडे जातो. नवी गाडी विकली की ती वाहनविक्रीच्या मासिक आकड्यांत चढते, त्या आकड्यांवर शेअर बाजार हलतो आणि मंत्री अभिनंदनपर निवेदन काढतात. बांधलेल्या इंजिनाची नोंद कोणत्याही मासिक तक्त्यात होत नाही. जे मोजले जात नाही ते अर्थव्यवस्थेत नाही, असे मानणाऱ्या अर्थशास्त्राने देशाचे फार नुकसान केले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये वाहनउद्योगासाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची २५,९३८ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. ही रक्कम देणाऱ्या राज्यसंस्थेला इंजिन दुरुस्त करणाऱ्यासाठी स्वतंत्र मंजुरीचा एक कागदही काढावासा वाटला नाही.

या विचाराचा पूर्वज शोधायचा तर अमेरिकेत जावे लागते. १९३२ साली, महामंदी ऐन भरात असताना, बर्नार्ड लंडन नावाच्या गृहस्थाने एक पुस्तिका काढली. मंदीवर त्याचा उपाय असा होता की, सरकारने प्रत्येक वस्तूला, म्हणजे बुटाला, घराला, यंत्राला, आयुष्याची मुदत ठरवून द्यावी; मुदत संपली की ती वस्तू कायद्याने ‘मृत’ समजावी आणि नष्ट करावी; आणि जो कोणी मुदत संपलेली वस्तू वापरत राहील त्याच्याकडून कर वसूल करावा. त्या काळच्या अमेरिकेनेही हा सल्ला कायद्यात उतरवला नाही. नव्वद वर्षांनी भारताने तो शुल्काच्या रूपाने उतरवला. २००९ च्या मंदीत अमेरिकेने मात्र याच जातीचा एक प्रयोग केला. जुनी गाडी द्या आणि नव्या गाडीसाठी साडेतीन ते साडेचार हजार डॉलर घ्या, अशी ती योजना होती आणि तिच्यात पावणेसात लाखांहून अधिक गाड्या गोळा झाल्या. चालू स्थितीतील त्या गाड्यांच्या इंजिनांत तेलाऐवजी सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ती जाम होईपर्यंत चालवावीत, असा नियम होता, म्हणजे कोणा गरिबाने ते इंजिन काढून दुसऱ्या गाडीत बसवू नये. पुढे झालेल्या अभ्यासांत दिसून आले की, विक्रीतील वाढ ही मुख्यतः पुढच्या काही महिन्यांची विक्री अलीकडे ओढून आणल्यामुळे झाली होती. इंजिने मात्र कायमची गेली.

आता धुराच्या मुद्द्याकडे वळले पाहिजे. तो टाळून चालणार नाही. डिझेलचा धूर प्रथम श्रमिकालाच मारतो. रस्त्याच्या कडेला झोपडी त्याची असते, सिग्नलवर तासन्‌तास उभा तो असतो, हमालतळावर धूर ओकणाऱ्या गाडीच्या मागे पाठीवर पोते घेऊन तोच असतो. समाजवादी पक्षाने धुराची बाजू घ्यावी असे कोणी सुचवत नाही. आणखीही एक कबुली दिली पाहिजे: भारत टप्पा-तीनच्या काळातले इंजिन कितीही उत्तम बांधले तरी ते एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या टप्पा-सहाचे इंजिन होत नाही. सूक्ष्म कण गाळणारी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे रोखणारी साधने त्यात नाहीत आणि मिस्त्रीच्या पान्याने ती येत नाहीत.

परंतु धूर हा एकजिनसी पदार्थ नव्हे. निळा धूर म्हणजे रिंगा आणि व्हॉल्व्ह गाइडमधून वर चढून जळणारे ऑइल. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल: नोझल ठिबकत आहे, हवेचा फिल्टर तुंबला आहे, किंवा पंपाचा स्क्रू कोणी फिरवला आहे. थंडीतला पांढरा धूर म्हणजे कॉम्प्रेशन गेलेले, न पेटलेले इंधन. हे तिन्ही प्रकार झिजेचे आणि हलगर्जीपणाचे आहेत, वयाचे नाहीत. इंजिन नीट बांधले, नोझल योग्य दाबावर लावले, पंपाचे टायमिंग बसवले, तर यांतला बराच मोठा भाग जातो. तो गेला की नाही हे मोजताही येते. धूरमापकाचा काटा टप्पा-चारपूर्व डिझेल वाहनासाठी ६५ च्या आत आणि टप्पा-चारच्या वाहनासाठी ५० च्या आत असला पाहिजे, असा नियम आहेच. हा काटा सगळे मोजत नाही हे खरे. मग अधिक चांगले मोजणारे यंत्र आणावे आणि त्यावर निकाल द्यावा. इंधनही बदलले आहे, याचाही उल्लेख कोणी करत नाही. टप्पा-तीनच्या काळात डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षांत ३५० भाग होते. आज ते १० आहे आणि जुन्या पिकअपच्या टाकीतही तेच डिझेल पडते.

उलट बाजूने, केवळ वयावर न्याय करण्याचा दिल्लीतील प्रयोग काय सांगतो? हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना बंदी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये मुदतबाह्य गाड्यांना पंपावर इंधनच देऊ नये असा फतवा निघाला, लोक खवळले आणि काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सक्तीची कारवाई थांबवली. डिसेंबरमध्ये हे संरक्षण टप्पा-चार आणि त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. दहा वर्षांच्या या खटाटोपात दिल्लीची हवा काय झाली हे प्रत्येक नोव्हेंबरात देश पाहतो. शिवाय बंदी घातलेल्या गाड्या अदृश्य झाल्या नाहीत. त्या विकल्या गेल्या, इतर राज्यांत गेल्या आणि तेथल्या गरिबांच्या फुप्फुसांत धूर सोडू लागल्या.

जेथे हवा खरोखरच सहन करण्यापलीकडे गेली आहे तेथे जुने डिझेल बाहेर काढावे लागेल. परंतु ते समाजाच्या हितासाठी काढायचे तर त्याची किंमत समाजाने मोजली पाहिजे. चार टक्के भंगारमूल्य ही नुकसानभरपाई नव्हे.

गॅरेजातल्या सवयींनाही पाठीशी घालण्याचे कारण नाही. ‘पिकअप वाढवून देतो’ म्हणून पंपाचा स्क्रू फिरवणारे मिस्त्री गावोगावी आहेत. त्यांनी दिलेली ताकद दोन महिने टिकते, काळा धूर आणि वितळलेले पिस्टन मात्र टिकाऊ असतात. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची प्रथा तर इतकी रूढ आहे की तो मुळात कशासाठी होता हेच विसरले गेले आहे. इंजिन कायम थंड राहते, डिझेल जास्त पिते आणि सिलिंडर लवकर झिजतात. खालचे बेअरिंग खिळखिळे असताना वर टर्बो चढवण्याची हौस हा शुद्ध अडाणीपणा आहे. कमी पैशांत खरी सुधारणा करायची तर ती दिखाऊ नसते: पाणी वेगळे करणारा डिझेल फिल्टर, जादा कोअरचा रेडिएटर, घट्ट बसणारी हवेच्या फिल्टरची पेटी आणि वेळच्या वेळी बदललेले ऑइल. एवढ्यावर बांधलेले इंजिन पुन्हा लाख-दोन लाख किलोमीटर चालते. हे ज्ञान मिस्त्रीपर्यंत पोचवणे हे तंत्रशिक्षण खात्याचे काम होते. खात्याला त्याची आठवण झाली नाही, आणि चळवळीलाही झाली नाही.

भांडवलशाहीचा खरा हल्ला तर शुल्कापेक्षा खोलवर आहे. नव्या पिढीची इंजिने मुळातच अशी घडवली जात आहेत की ती गल्लीतल्या गॅरेजात बांधता येऊ नयेत. प्रत्येक इंजेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. तो बदलला की संगणकाला तो ‘ओळखीचा’ करून द्यावा लागतो आणि ती किल्ली कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे असते. कित्येक इंजिनांना वाढीव मापाचे पिस्टन मिळत नाहीत; ब्लॉकसकट सगळे बदला असे सांगितले जाते. गाडी विकत घेतलेल्या माणसाच्या हाती आता केवळ तिचे चाक आहे. तिच्या पोटावरील मालकी कंपनीने आपल्याकडेच ठेवली आहे. हा आरोप हवेतला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणे, मूळ पुरवठादारांना ते परस्पर विकण्यास मज्जाव करणे, बाहेर दुरुस्ती केल्यास हमी नाकारणे. अपील करणाऱ्या काही कंपन्यांचा दंड २०१६ मध्ये कमी झाला. आयोगाचा निष्कर्ष मात्र टिकला. तो निकाल मोटारगाड्यांपुरता होता, मालवाहनांची अशी झाडाझडती झालेली नाही. २०२२ साली केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, शेतीची अवजारे आणि वाहने तिच्या कक्षेत आणली आणि वर्षाच्या शेवटी संगणकावर एक दालन उघडले. कंपन्यांनी तेथे आपापल्या सेवाकेंद्रांचे पत्ते टाकले. कायदा आलेला नाही.

लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला तेव्हा सोव्हिएत धर्तीच्या प्रचंड कारखान्यांनी दिपलेल्यांनी त्यांची चेष्टा केली होती. त्यांचा आग्रह असा होता की, भारतासारख्या भांडवल कमी आणि हात फार असलेल्या देशाचे यंत्र खेड्याला आणि कसब्याला पेलणारे असले पाहिजे. अशा यंत्राची सर्वांत सोपी व्याख्या हीच की, ते जेथे चालते तेथेच ते दुरुस्त करता आले पाहिजे. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात गुऱ्हाळ आणि विहीर ज्या ऑइल इंजिनांवर चालली ती या कसोटीला उतरणारी होती, आणि त्यांच्यामागे उद्यमनगरातील ओतशाळा आणि लेथ उभे राहिले. पक्षाच्या ठरावांत लोहियांचे नाव दरवर्षी येते, लहान यंत्र मात्र त्या ठरावांतून केव्हाच निघून गेले आहे.

आणि येथे चळवळीने स्वतःच्या अंगणाकडेही पाहावे. गॅरेजातला कामगार कोणत्या संघटनेत आहे? तो कारखान्याचा नाही म्हणून कामगार संघटनेला दिसत नाही, शेतकरी नाही म्हणून शेतकरी संघटनेला दिसत नाही, आणि मिस्त्री स्वतः दोन पोरे कामाला ठेवतो म्हणून काही पोथीनिष्ठांनी त्याला क्षुद्र भांडवलदारांत ढकलून दिले आहे. त्याला राज्य विमा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. जळके ऑइल तो उघड्या हातांनी हाताळतो आणि बहुधा गटारात सोडतो, कारण ते गोळा करणारी व्यवस्था तालुक्यात पोचलेली नाही. त्याच्या हाताखाली पाने पुसणारा बारा वर्षांचा मुलगा शाळेत असायला हवा होता. दुरुस्तीच्या अर्थव्यवस्थेची बाजू घेताना या मुलाकडे डोळेझाक केली तर ती बाजू घेण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

लढता येते आणि जिंकताही येते, याचा पुरावा दूर नाही. दिवसाला पन्नास रुपयांच्या त्या दंडाविरुद्ध २०२४ साली महाराष्ट्रातील रिक्षाचालक उठले तेव्हा राज्य सरकारला वसुली स्थगित करावी लागली. पिकअप आणि छोट्या टेंपोंचे मालक त्या आंदोलनात विखुरलेले राहिले. त्यांना आणि गॅरेजवाल्यांना एका मागणीपत्राखाली आणणे हे तालुका समित्यांना सहज जमण्यासारखे काम आहे. शुल्क वयावर नको, तपासणीच्या खर्चावर ठरवा. बांधलेल्या इंजिनाची धूरतपासणी आणि ब्रेकतपासणी तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत होऊ द्या. तेथे इमारत आहे, निदेशक आहेत, आणि मुलांना शिकायला खरे इंजिनही मिळेल. जिल्हा बँकांनी आणि पतसंस्थांनी नव्या गाडीसाठी कर्ज देतात तसे इंजिनकामासाठीही स्वतंत्र कर्ज द्यावे. सुटे भाग आणि दुरुस्तीच्या पुस्तिका विक्रीनंतर किमान वीस वर्षे खुल्या बाजारात ठेवण्याचे बंधन कायद्याने घालावे. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला, छोट्या मालवाहनांवरचाही तेवढाच. दुरुस्तीवर नव्या खरेदीइतकाच कर असावा हे कोणत्या न्यायाने, असा प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आणि अनुभवी मिस्त्रीच्या कौशल्याला प्रमाणपत्र द्यावे, ज्याच्या आधारे त्याला बँकेच्या दारात उभे राहता येईल.

या मागणीपत्रावर सह्या घ्यायला जे कार्यकर्ते गॅरेजांत जातील त्यांनी दुपारी जाऊ नये. त्या वेळी बहुधा हेड चढवायचे असते, गॅस्केट ठेवलेले असते आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या ताणाने आवळायचे असतात. मध्येच हात सुटला तर सगळे पुन्हा उघडावे लागते. सायंकाळी सहानंतर जावे. तोवर इंजिन चालू करून पाहिलेले असते आणि मिस्त्रीला बोलायला सवड असते.